दाराबाहेरची सुईण

सरकलीस ना? बगितलं मी — पदर आवरला आन् चार बोटं तिकडं सरकलीस. सरक, आनखी सरक, बाकडं काय माझ्या बापाचं न्हाई, पार टोकाला जा आन् पड खाली. मला त्याचं काय! मी धोंडाबाई, विष्णुपुरीची सुईन, तीस वर्सं झाली बायायची बाळंतपनं करून राहिले — तुझ्यावानी सरकनाऱ्या लई बगितल्या. कळा सुरू झाल्या की गडी पळत येतो, "धोंडाबाई चला, धोंडाबाई लवकर चला" — तवा मी चुलीपतोर गेलेली चालते, देवघराच्या भितीला टेकलेली बी चालते. लेकरू बाहेर पडलं, नाळ कापली, वार पुरली, की झालं — "धोंडाबाई, जरा उंबऱ्याच्या तिकडं व्हा." मग लुगडं देतील ते लांबून पदरात टाकतील, पानी देतील ते वरून वततील. हितं नांदेडात बी चार-सहा घरं हायेत तुमच्यावानी बामनायची, तिथं मी कैक डाव येऊन गेले. तवा तू लाजू नको. तू काय नवीन केलं न्हाईस.

तर मी काय इचारत व्हते? हां — मागलं दार. ह्या दवाखान्याला मागून दार हाय का न्हाई? पुढच्या दारात ती दानम्मा आया बसलीया पाय पसरून, ती सोडत न्हाई, दवाखान्याच्या मोठ्या बाईचा हुकूम हाय म्हनं. तू नऊ दिवस आत काढलेस, तुला समदं ठाव आसंल. माझी सून हाय आत, सिंधु. तिसऱ्या खेपंची. सकाळी उन्हं निघायच्या वक्ताला व्यंकटनं गाडी जुंपली — व्यंकट म्हंजे माझा ल्योक — दिस कासराभर वर आला तवा हितं पोचलो, आन् आता तो बैलायला घेऊन गंगंवर गेलाय पानी पाजायला. पळून गेलाय म्हन ना! माझ्या तोंडाकडं बगवत न्हाई त्याला. बाळंतपन सुनंचं, सुईन घरातली सासू, आन् सासू बसलीया निंबाखाली बाकड्यावर. कुटं ऐकलंस का आसं? — तू कामून खाली बगून राहिलीस? तुला न्हाई बोलले. तुला बोलायचं ते आनखी शिल्लक हाय.

दानम्मानं सांगितलं मला समदं, तिच्या पोटात काई ऱ्हात न्हाई. लातूरची हायेस, दत्तोपंत मास्तराची लेक, नाव सौदामिनी — केवढं नाव! हाक मारीस्तोवर लेकरू बाहेर यायचं. बापानं नर्सिनीच्या शाळंत घातली, आन् दहाव्या दिशी पेटी उचलून निघालीस, टांगा सांगून ठेवलाय मोटारीच्या अड्ड्यावर जायाला. बरं केलंस. मला इचारशील तर लई बरं केलंस. बाळंत व्हायला कवा कुना बाईला शाळा लागली न्हाई, आन् बाळंतपन करायला शाळा — ती बी तीन सालाची! मी कोन्या शाळंत गेले? माझ्या सासूच्या मागं दिवा धरून उभी ऱ्हाईले दोन पावसाळे, झालं. — बगू ती पेटी. कडी मोडलीच हाय, सुतळी बांधलीस वर. चोरत न्हाई मी काई, बगू दे की जरा! शाळंत काय काय आनाया सांगत्यात ते आमच्या गावच्या बायायला बी कळू दे, हासतील तरी.

पांढरी पातळं चार. हां, ह्याची तर तुला आधीच सवय हाय. — लागलं व्हय? कुकू नसलेलं कपाळ बगितलंय मी तुझं, ते कुनी सांगावं लागत न्हाई. एकोनीस वर्सं म्हंजे काय वय झालं — आसो. पोलकी, कोपरापतोर बाह्यायची. आन् ह्ये काय? बूट! काळे, बंदाचे! तहसीलदार हायेस व्हय तू? तरीच लंगडत आलीस. टाचंला फोड, आंगठ्याला फोड, चालताना पाय टाकत न्हाईस, ठेवतीस. जलमात कवा धड वहान घातली न्हाईस आन् एकदम बूट घालून दिसभर उभं ऱ्हायचं, मग दुसरं काय व्हनार? माझी टाच बग, बाभळीचा काटा आत जात न्हाई. ह्ये घड्याळ कुनाचं? बापाचं? खिशातलं काढून दिलं, नाडी मोजायला? — मास्तर आता वर्गात टाईम कशानं बगत आसंल, सावलीनं? येडा हाय बिचारा. मी नुसतं बोट ठेवते मनगटावर, मला कळतं बाई ऱ्हाती का जाती, घड्याळाला काय कळतं! आन् ह्ये उर्दूचं पुस्तक, अलिफ बे. मोठी बाई हैदराबादेची, ती उर्दूतच शिकवती, मग तुला तापाला बुखार आन् नाडीला नब्ज आन् काय काय पाठ करावं लागून राहिलं. मराठी बोलनाऱ्या बाईला नुसता ताप आला तर चालत न्हाई व्हय, बुखारच यावा लागतो?

आन् शिकवत्यात काय, तर ते ऐकून मी बेजार झाले हासून. चादरीचा कोपरा दुमडायला तीन दिवस! तीन! कोपरा सरळ न्हाई आला की पुन्हा उपसायची चादर आन् पुन्हा घालायची. कोपरा दुमडून कुन्या बाईच्या कळा कमी झाल्या ग? ताप मोजायची काचंची नळी झटकायला एक दिवस. आन् हात धुवायला — मला आदी खरंच वाटंना, दानम्माला म्हनलं गळ्याची आन घे — हात धुवायला आख्खे दोन दिवस! कोपरापतोर साबन, नखात बुरुस, आन् मोठी बाई शेजारी घड्याळ घेऊन उभी. हात धुवायची शाळा! आमी काय घानीत हात घालून बसलो व्हय आजवर? शेतातून आलं की मी बी पदराला पुसतेच की.

ह्या डब्यात काय वाजतं? — दशम्या! बुरसल्यात की ह्या. अगं माय, नऊ दिवस दशम्यावर काढलेस व्हय तू? दुधातल्या दशम्या सोवळ्यात चालत्यात म्हनून आईनं बांधून दिल्या, आन् दवाखान्यातलं ताट शिवली न्हाईस. बाकीच्या पोरी वरन-भात खाऊन मोकळ्या, तू कोपऱ्यात बसून दशमी मोडतीस, पाचव्या दिवसापासून पान्यात भिजवून खाल्ली आसशील, न्हाई तर दात पडले आसते. तरीच आडवी झालीस. दानम्मा सांगती, लातूरवाली पहिलं बाळंतपन बगून धाडकन पडली, रगत बगून चक्कर आली. रगताचं नाव कशाला? उपाशी पडलीस तू. पोट भरलेलं मानूस रगत बगून पडत न्हाई, मी सांगते तुला.

परवाचं बी कळलं मला. ती बसम्मा, देगलुराकडची, चार दिसाची वली बाळंतीन, टाके पडलेली. तिला पेज दे म्हनून मोठ्या बाईनं तुला धाडलं. तू गेलीस. आन् खाटंपासून तीन हात लांब उभी ऱ्हाईलीस, पेज फरशीवर ठेवलीस आन् पंख्याच्या दांड्यानं पुढं सरकवलीस! — खरं ना? मान हालव नुसती. घरी तसंच करत्यात तुमच्यात, दहा दिवस बाळंतिनीला शिवायचं न्हाई, ताट भुईवरून सरकवायचं, तुझं डोकं चाललंच न्हाई, हातच चालले. पन तुमच्या घरची बाळंतीन खाली, भुईजवळ आसती, ती हात लांबवती आन् घेती. हितं खाट कंबरंएवढी. टाके पडलेली बाई वाकली, कलंडली, पेज आंगावर, टाका उसवला, आन् समदा वार्ड गोळा झाला. मोठ्या बाईनं तुला मारलं न्हाई, शिवी दिली न्हाई. फकस्त म्हनली, हिला आता तूच पूस, हातानं. आन् तू दोनी हात मागं घेऊन उभी ऱ्हाईलीस, समद्या पोरींच्या म्होरं. आसंच ना? बसम्माला दानम्मानं पुसलं मग. दानम्मा चारदा बोलून दाखवून राहिली ते.

मला काय वाटलं सांगू तुला? बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, लई बरं वाटलं. म्हनलं, ह्या शाळंच्या पोरी, साबन लावून दोन दिवस हात धुनाऱ्या, आन् वली बाळंतीन समोर आली की हात मागं! आन् आमी अडानी, आमी आडगावच्या — आमी शिवतो तरी. रगतात, घानीत, समद्यात हात घालतो, कुनाची जात इचारत न्हाई, कोन चार दिसाची हाय आन् कोन दहा, ते मोजत न्हाई. मनात म्हनलं, जाऊ दे पेटी उचलून, आसल्यायचं काई काम न्हाई.

जा की. लातूरला जा. बाप स्टँडवर येईल घ्यायला, पेटी उचलंल आन् पुढं चालंल. भाऊबंदायशी भांडून धाडलं त्यानं तुला, दानम्मा सांगती — कुनी काका म्हनला बामनाची पोर मुसलमानाच्या दवाखान्यात मूतपात्र उचलनार, तर मास्तरानं त्याला उंबऱ्याबाहेर काढला. आता तो काका येईल पुन्हा आत, बसंल वसरीवर, च्या पिईल. आन् तू माजघरात वाती वळशील. दिसाला हजार वाती. कुनाच्या घरी डोहाळजेवन आसंल, बारसं आसंल, तवा तुला कुनी बोलवनार न्हाई. तुला कुनी शिवनार न्हाई आन् तुला बी कुनाला शिवावं लागनार न्हाई. लई निवांत जाईल जलम. कापूस तेवढा चांगला बगून घे.

रडतीस कशाला? रडून घे, मला काय. पन आधी दार सांग. माझा जीव वर-खाली व्हवून राहिला हितं. — हाव, तेच सांगते, कामून जायचं मला. नाळ कापायची हाय. माझ्या घरची नाळ परक्या हातानं कापलेली न्हाई कवा. व्यंकटची बी मीच कापली, माझी मी, तुरीच्या वावरात, दुसरं कुनी नव्हतं जवळ, ह्याच इळ्यानं — ह्यो बग. पदराखाली ठेवलाय मघापासून. वरडू नको! इळाच हाय, साप न्हाई. ह्येनंच कापली व्यंकटची, मेला का तो? बैलं हाकून राहिला गंगंवर. — ते? ते कडब्याचं पातं चिकटलंय. हाव मग, कडबा बी ह्येनंच कापते, घरात काय दोन इळे ठेवायचे? पदराला पुसला की झालं. वरून चुलीतली राख आन् चिमूटभर शेन लावायचं नाळंवर, थंड पडतं. माझी सासू तसंच करायची, तिची सासू बी. ही मोठी बाई म्हनं कातर उकळती, अर्धा घंटा उकळती, भात शिजवल्यावानी. मग शिजलेल्या कातरीनं कापती. हासावं का रडावं तेच कळंना मला.

काय? — काय म्हनलीस? मोठ्यानं बोल, एवढा वेळ तोंडाला कुलूप आन् आता — किती? किती काय?

किती लेकरं गेली माझ्या हातची?

आसं इचारत न्हाईत सुईनीला. कुनी शिकवलं तुला? नऊ दिवसात ह्येच शिकलीस व्हय? मरतं ते सटवी नेती म्हनून मरतं. मी काय मारते? माझ्या हातात आसतं तवा लेकरू झक्क आसतं, रडतं, मुततं, दूध ओढतं. सातव्या-आठव्या दिशी त्याचं तोंड मिटतं. जबडाच मिटतो, बोट घातलं तर आत जात न्हाई. दूध ओढत न्हाई. मग आंग ताठ व्हतं आन् मागं वळतं कमानीवानी, नुसतं शिवलं तरी आकडी येती — ती सटवीची आकडी. त्याला इलाज न्हाई. आन् ती येती बाळंतिनीच्या चुकीनं. उंबरा वलांडला आसंल, डोकं झाकलं नसंल, पाचवीची पूजा नीट झाली नसंल, न्हाई तर काईबाई खाल्लं आसंल चोरून. मी तसंच सांगते घरच्यायला, माझ्या सासूनं तसंच सांगितलंय मला.

किती म्हनं! बरं, सांगते, घाबरते का मी? सटवाजीच्या घरची दोन. शिवप्पा वान्याच्या सुनंचा पोरगा, गोरापान व्हता. मन्मथची जुळी, ती एकाच दिशी गेली, एक सकाळी, एक दुपारी. साखराबाईची पोरगी. गोदावरीबाईच्या लेकीचं — ती लेक नायगावहून म्हायेरी आली व्हती पहिल्या खेपंला, तिला नवऱ्यानं मग पुन्हा न्हाई नेली. कोळ्यायच्या घरची तीन, का चार? पाटलाच्या धाकट्याचं. ती बोरीच्या मळ्यातली, तिचं नाव — तिचं नाव काय बरं — आन् तिच्या जावंचं —

थांब. आसं बोटावर मोजायचं नसतं. जगलेली मोज की! जगलेली ढीगभर हायेत, आर्धी विष्णुपुरी माझ्या हातची हाय, ती कुनी मोजत न्हाई. समद्यायची एकाच इळ्यानं कापली, मग ती कशी जगली? सांग, शाळंत शिकलीस ना? — न्हाई सांगता येत तुला. मला बी न्हाई येत. मी इचार केलाय. ह्या दोन वर्सात लई इचार केलाय मी, पन मला न्हाई सांगता येत.

सिंधूचे दोन. मघाशी मोजायचे ऱ्हाईले ते. दोनी पोरगे, दोनी आठव्या दिशी. पहिला गेला तवा मी तिला म्हनलं, तू उंबरा वलांडलास. ती म्हनली, न्हाई आत्याबाई. मी म्हनलं, वलांडलासच. दुसरा दोन वर्सांमागं गेला तवा आकराव्या दिशी, पुसाच्या थंडीत, आंगावर वलं लुगडं, सटवाईच्या दगडाला एकवीस फेऱ्या घालाय लावल्या मी तिला. टाके सुटल्यावानी चालत व्हती, पायावर रगत येत व्हतं. समदी आळी बगून राहिली आन् मी फेऱ्या मोजून राहिले.  सात वर्सं झाली लग्नाला, "हाव आत्याबाई" आन् "न्हाई आत्याबाई", तिसरा शब्द न्हाई. आज गाडीत बोलली. कळा येत व्हत्या, गाडीचा दांडा धरून बसलेली, घामानं चिंब, आन् माझ्या पदराकडं बगून म्हनली, आत्याबाई, तो इळा कडब्याचा हाय. मी दोनदा बगितलं. दोनी डाव तुमी तो तसाच आनला, गोठ्यातून. तो फेका, मग माझ्यासंगं चला. व्यंकट पुढं बसलेला, त्यानं ऐकलं. मागं वळून बगितलं न्हाई. बैलायला चाबूक मारला नुसता, त्यायनी काई केलं नव्हतं बिचाऱ्यायनी.

आन् मोठ्या बाईचा हुकूम न्हाई तो. खोटं सांगितलं मी तुला. मोठी बाई तर मला आत घेत व्हती, आदबीनं, या आम्मा, बसा म्हनून. सिंधूनं तिचा हात धरला. परक्या मुलखातली बाई, धड मराठी येत न्हाई तिला, तिचा हात माझ्या सुनंनं दोनी हातानं धरला आन् म्हनली, बाई, ह्यायला आत घेऊ नका. माझ्या देखत. दानम्माच्या देखत. त्या बाईला मराठी येत न्हाई, पन तेवढं कळलं तिला. तवापासून मी हितं बसलेय आन् तुझी पेटी उचकून राहिलेय.

— काय ग ती? दानम्मा कामून वरडून राहिली? लातूरवाली, लातूरवाली — तुलाच. काय म्हनती? आधी पाय आलेत? पायाळू! लेकराचे पाय आधी आलेत! बाकीच्या पोरी कुटं गेल्या? त्या तिकडं गड्यायच्या वार्डात? मोठी बाई एकटीच, धरायला कुनी न्हाई — सरक, सरक बाजूला, मी जाते. पायाळू मी काढलेत, डोळे मिटून काढलेत, त्या बाईनं कवा काढलंय का — सोड. हात सोड माझा. सोड म्हनते ना! नातू हाय माझा आत, माझ्या व्यंकटचा — अगं सोड, मनगट मोडशील —

तू धरलंस मला? तू? पंख्याचा दांडा न्हाई सापडला व्हय जवळ?

न्हाई, ऱ्हाऊ दे. नको सोडू. जरा धरून ठेव. 

बरीच ताकद हाय की दशम्याच्या पोरीत. आसंच धरायचं तिला, ऐकलंस? दोनी हातानं, खांद्याच्या खाली, आन् तिनं वरबाडलं, शिव्या दिल्या, तुझ्या पातळावर घान झाली तरी सोडायचं न्हाई. डोळ्यात बगायचं तिच्या. घड्याळात न्हाई. आन् लेकराला वढू द्यायचं न्हाई कुनाला घाई करून, आपसूक येऊ द्यायचं मानंपतोर — पन ते बाईला ठाव आसंल. तिला शिकवू नको तू. तू तिथं शिकाया हायेस. आधी हात धू. दोन दिवस शिकवलंय ना? तसे धू, कोपरापतोर, नखं बी. माझा हात धरलायस तू आत्ता.

— ए टांगेवाल्या! जा बाबा, घे माघारी. न्हाई यायची सवारी. अरे न्हाई यायची म्हनलं ना, समोर बग, तिला काम हाय!

माझ्या तोंडाकडं काय बगतीस? ऊठ. आन् त्या मोठ्या बाईला सांग, म्हनाव म्हातारी येईल दाराशी. मी वळखते मला. लेकरू रडलेलं ऐकलं की मी ऱ्हानार न्हाई. रडंल म्हनाव, पाया पडंल, व्यंकटला म्होरं घालून आनंल, तुमच्या सात पिढ्या काढंल. घेऊ नका आत. आज न्हाई, उद्या न्हाई, नाळ वाळून पडूस्तोवर न्हाई. धोंडाबाईनंच सांगितलंय म्हनाव. जा. जा ना आता, वरडून राहिली ती आत!